मामाची मांडी

यशराजच्या डोक्यातलं तिसरं गळू गुरुवारी सकाळी फुटलं. उत्कर्षानं त्याला न्हाणीच्या दगडावर गुडघ्यांत धरलं होतं आणि वरून कोमट पाणी सोडत होती. पोरगं असं किंचाळत होतं की गोठ्यातल्या दोन्ही गायींनी वैरण सोडून माना वर केल्या. मागच्या बाजूला पू वाळून केसांच्या गाठी झाल्या होत्या. गाठ सोडवायला गेलं की खालची कातडी केसांबरोबर वर यायची.

"आई, नगं! आई, दुखतंय!"

"झालं माझ्या राजा. झालं, झालं."

झालं काहीच नव्हतं. अर्धं डोकं अजून कोरडं होतं. सहा वर्षांची श्रेया एका हातात खोबरेल तेलाची वाटी धरून उभी होती आणि दुसऱ्या हातानं भावाच्या डोक्यावरच्या माशा हाकत होती. हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्याभरात तिनंच ते आपल्याकडं घेतलं होतं.

यशराजला तीन वर्षं पुरी व्हायला तीन आठवडे राहिले होते आणि जन्मापासून त्याच्या डोक्याला कात्री लागली नव्हती. केस खांद्याखाली आले होते. अंगणवाडीतली पोरं त्याला 'यशीबाई' म्हणायची. वरकुट्यात वैशाखाचं ऊन सकाळी नऊलाच पत्र्यावरून खाली उतरत होतं, मोठी माणसं टक्कल करून घ्यायची भाषा बोलत होती, आणि ह्या एवढ्याशा पोराच्या डोक्यावर घोंगडं ठेवल्यासारखं ते जावळ होतं.

जावळ काढायचं तर मामाची मांडी पाहिजे. उत्कर्षाच्या सासरी हा रिवाज म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मामानं भाच्याला मांडीवर घ्यायचं, न्हाव्यानं पहिली बट कापायची, ती पदरात झेलायची, मग बाकीचं डोकं. तेही पहिल्या वर्षात, नाहीतर तिसऱ्यात. चौथं चालत नाही. तिसरं हुकलं की थेट पाचव्या वर्षाची वाट बघा.

पहिलं वर्ष हुकलं त्याला कुणाचा इलाज नव्हता. यशराज आठ महिन्यांचा असताना उत्कर्षाचे वडील सावळाराम गेले. वर्षभर शुभकार्य करायचं नव्हतं, ते केलं नाही. पण त्यानंतर? मामा काही काशीला गेला नव्हता. मामा लासुर्ण्यातच होता, गाडीवर पाऊण तासाच्या वाटेवर. पांढरे शर्ट घालून लोकांच्या साखरपुड्यांना जात होता, वाढदिवसांच्या फ्लेक्सवर हात जोडून उभा राहत होता. फक्त भाच्यासाठी त्याला सवड नव्हती. दिवाळी झाली की बघू म्हणाला. ऊस तुटून गेला की बघू म्हणाला. शिमगा झाला की नक्की म्हणाला. पाडव्याला उत्कर्षानं फोन केला तेव्हा खरं काय ते बाहेर आलं.

"जावळाचं काय गं, कवाबी करू," इंद्रजित म्हणाला. "फकस्त आधी ती हक्कसोड उरकून घेऊ. एकाच खेपंला दोन्ही कामं व्हतील."

"कसली हक्कसोड, दादा?"

"आता आसं वेड पांघरू नगं. आबांच्या रानाची. तुजं नाव काढायचंय सातबाऱ्यावरनं. आईबी देतीय सोडून. तू काय, तुला तुजं सासर हाय."

उत्कर्षा फोन कानाला लावून उंबऱ्यावर बसून राहिली. सातबाऱ्यावर सावळारामांच्या नावाला तलाठ्यानं कंस घातला आणि खाली आई, भाऊ आणि ती अशी तीन नावं चढली, पण ती काही तिनं मागायला गेली नव्हती. कायद्यानंच ती चढली होती. इंद्रजितनं ठिबकचा अर्ज केला, तिनं सही दिली. पाइपलाइन टाकली, तिनं सही दिली. चार वेळा तो कागद घेऊन आला, चारही वेळा तिनं चहा दिला आणि सही दिली. एकदाही विचारलं नाही की ह्यात माझं काय.

आणि ते रान काय तिला ठाऊक नव्हतं? इंद्रजित बारामतीला कॉलेजात होता तेव्हा त्या रानात दारं कोण धरत होतं? पाटाचं पाणी पहाटे तीनला आलं तर पहाटे तीनला, चिखलात गुडघाभर उभी राहून, एका सरीचं पाणी दुसऱ्या सरीला वळवत, चौदा वर्षांची उत्कर्षा. तेव्हा नाही कुणी म्हणालं की तुला तुजं सासर हाय.

तरीही तिनं दिलं असतं, हे खरं आहे. आमच्याकडच्या बायका देतात. भाऊ दारात येऊन म्हणाला असता, उत्के, दे बाई, तर तिनं रडून का होईना पण दिलं असतं. पण हा दारात आला नाही. ह्यानं पोराचं डोकं धरलं. सावकार बैल धरतात, बँका ट्रॅक्टर ओढून नेतात, आणि ह्या सख्ख्या भावानं तीन वर्षांच्या भाच्याचे केस अडकवून ठेवले. ह्याला मामा म्हणायचं का आणखी काही, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

गुरुवारी त्याच अर्धवट धुतलेल्या डोक्याला तेल लावून उत्कर्षा कामाला गेली. दगडाबाईची दहा बायकांची टोळी होती, उसाच्या खोडव्याच्या खुरपणीला. घरी पोरांना ठेवायची सोय नव्हती. सासू शकुबाई शेरडांमागं जायची, नवरा भिमा दुधाच्या टेंपोवर पहाटे चारला निघायचा तो दुपारी परत यायचा. श्रेयाला सुट्टी होती. तिच्या ताब्यात यशराजला देऊन उत्कर्षानं दोघांना बांधावरच्या लिंबाखाली बसवलं, पाण्याची बाटली आणि चपातीचा डबा ठेवला, आणि सरीत शिरली.

सऱ्यांमध्ये पाचट पसरलेलं होतं. त्याच्या खाली हात घालून हरळी उपटायची म्हणजे दंडावर बारीक ओरखडे उठतात आणि त्यांत घाम उतरला की चुरचुरतं. दहा वाजता वारा सुटला. पाचटाची भुकटी उडाली, ती लिंबाखाली गेली आणि यशराजच्या तेलकट डोक्यात बसली. तो दोन्ही हातांनी डोकं खाजवायला लागला. श्रेयानं त्याचे हात धरले तर तो तिला चावला. उत्कर्षा खुरपं टाकून पळत गेली तेव्हा पोराच्या बोटांना रक्त लागलेलं होतं.

दगडाबाई मागून आली. टोळीत तिच्या तोंडाला सगळ्या वचकून असायच्या.

"उत्कर्षा, ह्ये काय करून ठिवलंयस गं पोराचं? मेंढरालाबी आसं न्हाय कुणी ठेवत. मेंढरं वर्सातनं दोनदा कातरत्यात!"

"मामा येत न्हाय, मावशी."

"मामा येत न्हाय, मामा येत न्हाय! आई जेऊ घालंना आन बाप भीक मागू देईना, ह्येच चाललंय तुमचं. जा, आजची हजेरी लावते तुजी अर्धी. दवाखान्यात ने त्येला."

उपकेंद्रात शबाना सिस्टर होत्या. भिगवणहून रोज येणाऱ्या, कामाला चोख, बोलायला तिखट. त्यांनी हातमोजे घातले, यशराजचे केस दोन बोटांनी बाजूला केले आणि एकेक गळू मोजलं.

"पाच आहेत," मग म्हणाल्या. "तीन फुटलीत, दोन यायचीत. केस कधी काढताय?"

"त्याचा मामा—"

"गळवं मामाला झालीत का ह्याला?"

उत्कर्षानं यशराजचे खाजवणारे हात धरून ठेवले. बाकावर बसलेल्या दोन बायका तिच्याकडं बघत होत्या. एकीनं आपलं बाळ जरा पलीकडं सरकवलं. ते उत्कर्षाला दिसलं, आणि आपलं पोर हातात घेऊन जमिनीत गडप व्हावं असं तिला वाटलं.

"औषध देते मी," सिस्टर म्हणाल्या, जरा मवाळ होऊन. "पण वरून लावायचं मलम लावू कुठं, सांगा? केसांना? हे काढल्याशिवाय गुण यायचा नाही. ताप आला तर इथं थांबू नका, सरळ इंदापूरला न्या."

संध्याकाळी भाकरी थापताना उत्कर्षानं विषय काढला. शकुबाई चुलीपाशी शेंगा फोडत बसली होती.

"आत्याबाई, सिस्टर म्हणतीया केस आजच्या आज काढा. आपल्या गावातल्या न्हाव्याला बोलवू का?"

शकुबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मामाबगर? आगं, काय बोलतीयास? भिमाच्या थोरल्या भावाचं जावळ आसंच घाईनं काढलं हुतं. काय झालं त्येचं?"

तो सहाव्या वर्षी गेला होता. कावीळ झाली होती आणि दवाखान्यात न्यायला दोन आठवडे उशीर झाला होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पण शकुबाईच्या मनात ते जावळावर जाऊन बसलं होतं, आणि पस्तीस वर्षं तिथून हललं नव्हतं. तिला काय बोलणार? मेलेल्या लेकरासाठी आईनं धरलेली भीती कुणाच्या समजावण्यानं जात नाही.

"भावाला फोन लाव," शकुबाई म्हणाली. "दिऊन टाक त्येला काय पायजे त्ये. नसल्या मामापरीस काणा मामा बरा. मीबी दिलं हुतं माझ्या भावाला. एक लुगडं दिलं त्यानं. अजून न्हेसते."

भिमा जेवत होता. त्यानं ताटातून मान वर केली नाही. "तुज्या माहेरचं हाय, तुजं तू बघ. मला मधी घिऊ नगं. उद्या म्हणतील जावायाचा डोळा हाय रानावर."

म्हणजे बापालाही पोराच्या डोक्यापेक्षा लोक काय म्हणतील त्याची काळजी जास्त. उत्कर्षानं भाकरी तव्यावर इतक्या जोरात टाकली की कड फाटली. पण त्या रात्री पोराला ताप आला, आणि शुक्रवारी सकाळी त्याला इंदापूरला न्यायचं सोडून तिनं भावालाच फोन केला.

"दादा, देते सही. पर जावळ लगेच पायजे."

"हां, आता कशी शहाण्यावानी बोललीस!" इंद्रजितचा आवाज एकदम गोड झाला. "सोमवारी ये तालुक्याला. तितनं थेट माझ्या गाडीत लासुर्ण्याला. म्हसोबाम्होरं जावळ, बोकाड सांगून ठिवतो. थाटात करू भाच्याचं."

सोमवारी ती निघाली ती सही करायचीच म्हणून निघाली, हे लक्षात ठेवलं पाहिजे. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. शकुबाई बरोबर होती. तिच्या पिशवीत नारळ, अंगडं-टोपडं, पुरणाचा नैवेद्य. यशराजच्या डोक्यावर ओला रुमाल आणि श्रेयाच्या हातात वर्तमानपत्राची घडी, माशा हाकायला.

दस्तनोंदणीच्या कचेरीच्या व्हरांड्यात इंद्रजित आधीच आला होता. इस्त्रीचा शर्ट, पायात नवे बूट. बाजूला उत्कर्षाची आई कुशाबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. दोन वर्षांत ती आईला तिसऱ्यांदा बघत होती. कुशाबाईनं नातवाकडं बघितलं, तिचे ओठ हलले, पण लेकाकडं नजर गेली तशी तिनं तोंडाला पदर लावला.

दस्त लिहिणारे अय्युबभाई कागद घेऊन आले. त्यांनी खुर्ची ओढली आणि उत्कर्षाला सगळा मजकूर वाचून दाखवला, बोट ठेवून, एकेक ओळ. गट नंबर, चतुःसीमा, आणि शेवटी 'कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने, अक्कलहुशारीने'.

"समजलं का ताई?" त्यांनी विचारलं.

"समजलं."

"आवो भाई, तिला काय वाचून दावताय? घरचीच हाय," इंद्रजित म्हणाला.

"घरचीलाच आधी वाचून दाखवावं लागतं, इंद्रजितराव," अय्युबभाई म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

नंबर यायला वेळ होता. साडेअकरा झाले, बारा झाले. व्हरांड्याचा पत्रा तापला. यशराजचा रुमाल वाळला आणि जखमेला चिकटला. तो काढताना चौथं गळू फुटलं. रक्त आणि पू मिळून त्याच्या कानामागून मानेवर उतरलं. पोरगं आता ओरडतसुद्धा नव्हतं. नुसतं कण्हत होतं, आणि ते ऐकवत नव्हतं. उत्कर्षा त्याला कडेवर घेऊन भावापाशी गेली.

"दादा, त्या रस्त्यापल्याड न्हाव्याचं दुकान हाय. पाच मिन्टं मांडीवर घे ह्येला. तेवढं डोकं मोकळं करू. मंग येऊन सही करते. म्हसोबाला उद्या नारळ फोडू. मी काय पळून चालली न्हाय."

इंद्रजितनं एक पाऊल मागं घेतलं. भाच्याचं डोकं त्याच्या शर्टाच्या फार जवळ आलं होतं.

"आधी अंगठा," तो म्हणाला, "मंग मांडी."

हे तो हळू बोलला नाही. व्हरांड्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. एक म्हातारा हसलासुद्धा. उत्कर्षाला काय वाटलं ते तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. ती परत जागेवर जाऊन बसली आणि पोराच्या मानेवरून पदरानं पुसत राहिली.

मग नाव पुकारलं. आत आधी कुशाबाईला उभं केलं. टेबलामागं साहेब होते, पन्नाशीचे, कपाळावर आठ्या पडलेले, दिवसातून शंभरदा तेच विचारून कंटाळलेले. तरी त्यांनी विचारलं.

"आजी, कागद वाचून दाखवला? राजीखुशीनं देताय?"

कुशाबाईनं लेकाकडं बघितलं.

"व्हय म्हण की," इंद्रजित म्हणाला.

"तुम्ही बोलू नका. त्यांना बोलू द्या."

"व्हय," कुशाबाई म्हणाली. तिचा अंगठा यंत्रावर उमटेना. आयुष्यभर खुरपं धरून त्यावरच्या रेषा गेल्या होत्या. कारकुनानं तो तीनदा पुसून टेकवला तेव्हा कुठं काम झालं. आपल्या हातांनीच केलेल्या रानातून नाव काढायला तिला एवढा त्रास पडला.

"उत्कर्षा भीमराव. या पुढे. कॅमेऱ्याकडं बघा. कागद वाचून दाखवला?"

"दाखवला."

"राजीखुशीनं देताय ना?"

इतकं साधं विचारलं होतं. 'हो' म्हटलं असतं तर दोन मिनिटांत सुटका होती. बाहेर गाडी उभी होती, लासुर्ण्यात न्हावी थांबला होता, म्हसोबापुढं बोकड बांधलेला होता. उत्कर्षानं तोंड उघडलं आणि तिचं तिलाच ऐकू आलं.

"न्हाय."

साहेबांनी पेन थांबवलं. "काय?"

"न्हाय, साहेब. राजीखुशी न्हाय." एकदा सुरू झाली ती थांबेना. "माझ्या पोराचं डोकं सडाया लागलंय म्हून देते. मामा मांडीवर घेत न्हाय म्हून देते. वरीस झालं. बगा तुमीच." तिनं यशराजचा रुमाल काढला. "आता भाईर म्हणाला, आधी अंगठा मंग मांडी. ह्याला राजीखुशी म्हणत असतील तर लिवा. मी आंगठा देते."

कारकुनानं यशराजच्या डोक्याकडं बघितलं आणि नजर फिरवली.

"साहेब, बाईमाणूस हाय, तिला कळंना काय बोलतीया!" इंद्रजित पुढं आला. "उत्कर्षे, व्हय म्हण. गपचीप व्हय म्हण."

मागं रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आवो बाई, व्हय म्हणून टाका की. आमचाबी नंबर खोळंबलाय."

"कुणी काही बोलायचं नाही," साहेब म्हणाले. त्यांनी कागद उचलून इंद्रजितच्या हातात ठेवला. "त्या नाही म्हणाल्यात. आता मी हा दस्त नोंदवू शकत नाही. पुढचा नंबर घ्या." मग उत्कर्षाकडं न बघताच म्हणाले, "बाळाला आधी दवाखान्यात न्या, ताई."

व्हरांड्यात इंद्रजितनं जे तोंड सोडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी तुजं काय वाईट केलं हुतं, हे त्याचं शेवटचं म्हणणं होतं, आणि ते तो अगदी मनापासून म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं. "आजपास्नं तुला भाऊ न्हाय. लासुर्ण्याचा रस्ता बंद. जावळ कर जा आता कुणाच्या मांडीवर करतीस त्ये!"

त्यानं आईच्या दंडाला धरून तिला उठवलं. उत्कर्षानं "आई" अशी हाक मारली. कुशाबाई थांबली, पण मागं वळली नाही. ती लेकाच्या घरात राहत होती, त्याच्या हातची भाकरी खात होती. गाडीचं दार लागलं आणि गाडी निघून गेली. आता मात्र उत्कर्षाला रडू आलं. ती भिंतीकडं तोंड करून रडली, कारण रांगेतली माणसं अजून बघत होती.

शकुबाई पिशवी पोटाशी धरून पायरीवर बसली होती. सासू म्हणून आता ती चार शब्द ऐकवणार, असं उत्कर्षाला वाटलं.

"माजा आंगठा आमच्या दादानं हाताला धरून टेकवला हुता," म्हातारी म्हणाली. "जेवणं चालली हुती. हात खरकटा हुता. ह्यो सायेब इचारतो तसं मला कुणी इचारलंच न्हाय." तिनं नाक पुसलं. "इचारलं आसतं तरी मी व्हयच म्हणली आसते म्हणा. पर इचारलं न्हाय." गुडघ्यावर हात देऊन ती उठली. "चल. कुठाय त्यो न्हावी?"

"आत्याबाई, मामाबगर—"

"मामा गेला न्हवं गाडीत बसून? चल म्हणते तर."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. न्हाव्यानं पोराचं डोकं बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. "जावळ हाय? मांडीवर कोण घेतंय?"

"मी," उत्कर्षा म्हणाली, आणि त्या उंच खुर्चीत बसली. समोर आरसा होता. तिनं स्वतःला असं कधी बघितलं नव्हतं, मांडीवर पोर घेऊन, पुरुषांच्या खुर्चीत. पाय खाली टेकत नव्हते. शकुबाईनं पुढं येऊन पदर पसरला. तिचे ओठ पुटपुटत होते. देवाची माफी मागत होती की आपल्या गेलेल्या पोराशी बोलत होती, कुणास ठाऊक. पण पसरलेला पदर तिनं मागं घेतला नाही.

कात्रीनं पहिली बट कापली. मग दुसरी. गाठी जशा सुटत गेल्या तसं खाली काय होतं ते दिसायला लागलं. लाल, ओली, खवले उठलेली कातडी, आणि मागं रुपयाएवढं एक भोक पडल्यासारखं. न्हाव्याचा हात थांबला.

"किती दिस ठिवलं हो ह्ये आसं?" तो चिडून म्हणाला. "माणसं हायसा का कोण? एवढ्याशा लेकराला! तुमी शिकलेली दिसताय, ताई. तुमाला दिसत न्हवतं?"

ज्यानं हे ऐकायला पाहिजे होतं तो लासुर्ण्याच्या रस्त्याला लागला होता. उत्कर्षानं ऐकलं. भावाचं नाव सांगावं असं तिच्या तोंडाशी आलं, पण तिनं गिळलं. कात्री तिच्या गावातही होती, गेल्या महिन्यातही होती. ती स्वतःही थांबलीच होती की. भावावर राग होता, नवऱ्यावर होता, आणि आता आरशात समोर बसलेल्या बाईवरही आला.

"दिसत हुतं," ती म्हणाली. "चुकलं माझं. हळू काढा, भाऊ."

त्यानं वस्तरा बाजूला ठेवला आणि बारीक कात्रीनं, एकेक केस वेगळा करत, तासभर काम केलं. यशराज मधेच झोपून गेला. गळवांवर वारा लागल्यावर कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या कपाळावरची आठी गेली. तिथून ती त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी जखमा धुऊन पट्टी केली आणि पाच दिवस रोज यायला सांगितलं.

चारच्या सुमाराला चौघंही स्टँडवर येऊन बसली. शकुबाईनं पिशवीतला नैवेद्य काढला आणि पुरणाची पोळी मोडून सगळ्यांच्या हातावर ठेवली. म्हसोबाला दाखवायची होती ती आम्हीच खातोय म्हणून तिनं एकदा कानाला हात लावला. यशराज जागा झाला होता. पोळी खाताना त्याचं एवढंसं पांढऱ्या पट्टीतलं डोकं डुलत होतं आणि येणारीजाणारी माणसं बघत होती. बघू देत.

भावाच्या पट्टीवर माशी बसू नये म्हणून श्रेया अजून कागद हलवत होती.

"आई," ती म्हणाली, "मी मोठी झाल्याव यशू माज्याकडनंबी आंगठा घेणार का?"

उत्कर्षानं पोरीकडं बघितलं, मग पोराकडं. ज्या डोक्यासाठी आज तिचं माहेर तुटलं होतं ते डोकं पुरणात बरबटून हसत होतं. उद्या हेही पांढरा शर्ट घालील. नाही घेणार गं, तुझा भाऊ तसा नाही, असं म्हणणं सोपं होतं. तिच्या आईनंही तिला हेच सांगितलं होतं, ती श्रेयाएवढी असताना.

"मागंल कदाचित," उत्कर्षा म्हणाली. "मी तसा वाढवणार न्हाय. तरीबी मागंल. पर आत न्हेल्याव सायेब तुला इचारतील. तवा काय बोलायचं?"

श्रेयानं कागद थांबवला. शकुबाईसुद्धा चावायची थांबली.

"मनात आसंल तर व्हय," श्रेया म्हणाली. "नसंल तर मोठ्यानं न्हाय."

"मोठ्यानं," शकुबाई म्हणाली, आणि राहिलेली पोळी तिनं पोरीच्या हातावर ठेवली.